स्मार्टफोन शिकू या, आपल्या हाताने



आपल्या धर्मग्रामात ज्या घरात स्मार्टफोन नाही असे घर आता शोधूनच काढावे लागेल. कुणाला आखातात नोकरीला असलेल्या मुलाने सुट्टीवर येताना आणून दिला, कुणाकडे नातवाने नवा घेतल्यावर जुना आला, तर कुणी पेन्शनमधून पैसे साठवून घेतला. फोन घरी आला, पण तो वापरायला शिकवणारे कुणी बरोबर आले नाही. म्हणून आपल्या अनेक ज्येष्ठांचा फोन त्यांच्या हातात असला तरी त्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात असते. ‘जरा फोन लावून दे गं’, ‘हे काय आलंय बघ रे’ असे म्हणत दिवसातून चार वेळा कुणाला तरी हाक मारावी लागते. समोरचा घाईत असतो. तो फोन हातातून घेतो, दोन बोटे फिरवतो आणि परत देतो. काम होते, पण शिकणे होत नाही.

यात मोठे काय बिघडले, असे कुणी विचारील. आमच्या मते तीन ठिकाणी नुकसान होते.

पहिले नुकसान खबरीचे. पूर्वी मयताची घंटा वाजली की वाडीत पाणी लावणारा माणूसही हातातले काम थांबवून कोण गेले याची चौकशी करायचा. आज ती खबर व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येते. ज्याला ग्रुप उघडता येत नाही, त्याला आपल्या शाळासोबत्याचे मरण दफनविधी उरकल्यावर कळते. दुसरे नुकसान मदतीचे. रात्री न्हाणीघरात पाय घसरला, घरात दुसरे कुणी नाही, फोन उशाशी आहे, पण तो कसा लावायचा ते ऐनवेळी आठवत नाही. तिसरे नुकसान पैशाचे. ज्याला आपल्या फोनवर काय चालले आहे ते समजत नाही, त्याला फसवणारा माणूस सहज गाठतो आणि आयुष्याची पुंजी घेऊन जातो.

म्हणून या लेखात आम्ही एकच आग्रह धरणार आहोत. फोनमधले सारे काही शिकण्याची गरज नाही. मोजक्याच गोष्टी शिका, पण त्या आपल्या स्वतःच्या हाताने शिका.

वय आडवे येते का?

‘आता या वयात काय शिकायचे?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी ऐकू येतो. त्यांना आम्ही पोप बेनेडिक्ट सोळावे यांची आठवण करून देतो. १२ डिसेंबर २०१२ रोजी त्यांनी टॅबलेटच्या पडद्यावर बोट टेकवून ट्विटरवर आपला पहिला संदेश पाठवला. तेव्हा त्यांचे वय ८५ वर्षांचे होते. जन्मभर कागदावर लिहिणाऱ्या या विद्वान धर्मगुरूंना शेजारी उभे असलेल्यांकडून दाखवून घेण्यात कमीपणा वाटला नाही.

ख्रिस्तसभेने संपर्कसाधनांकडे कधीच पाठ फिरवलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी या विषयावर स्वतंत्र आदेशपत्र प्रसिद्ध केले. तेव्हा रेडिओ, चित्रपट आणि वर्तमानपत्रे ही साधने डोळ्यांसमोर होती. पुढे २०१४ सालच्या जागतिक संपर्कसाधन दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी इंटरनेटला देवाची देणगी म्हटले. माणसे एकमेकांना भेटावीत, ऐकावीत, जवळ यावीत यासाठी ही देणगी आहे, असा त्यांचा आशय होता. २०२०च्या मार्चमध्ये आपल्या चर्चची दारे बंद झाली तेव्हा याचा अनुभव आपण सर्वांनी घेतला. २७ मार्च २०२० रोजी रोममध्ये रिकाम्या, पावसाने भिजलेल्या चौकात पोप फ्रान्सिस एकटे प्रार्थना करीत होते आणि इथे आपल्या घरात कितीतरी जण फोनवर ते पाहत गुडघे टेकून बसले होते. ज्यांना तो फोन उघडता येत होता, ते त्या प्रार्थनेत सामील झाले.

आता प्रत्यक्ष धड्यांकडे वळू या. आम्ही येथे सर्वसाधारण अँड्रॉइड फोन गृहीत धरला आहे. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये थोडाफार फरक असतो, तेवढा जाणकाराकडून समजून घ्यावा.

धडा पहिला : बोट कसे लावायचे?

स्मार्टफोनला बोटांच्या तीन भाषा समजतात. टेकवणे, दाबून धरणे आणि सरकवणे.

टेकवणे म्हणजे हलकेच स्पर्श करून लगेच बोट उचलणे. भाकरी थापताना लावतो तसा जोर नको. तव्यावरची भाकरी भाजली का हे पाहण्यासाठी क्षणभर बोट टेकवतो, तितकेच पुरे. आपण जुन्या फोनची कडक बटणे दाबून वाढलो, म्हणून आपण इथेही दाबतो आणि बोट तिथेच ठेवतो. फोनला वाटते, यांना दाबून धरायचे आहे. मग भलतीच यादी उघडते, चित्रे हलू लागतात आणि आपण घाबरतो. निम्म्या तक्रारींचे मूळ इथे आहे.

सरकवणे म्हणजे बोट न उचलता वर, खाली किंवा बाजूला ओढणे. बंद स्क्रीनवर फोन वाजतो तेव्हा पुष्कळ फोनमध्ये हिरवे चिन्ह नुसते टेकवून चालत नाही, ते सरकवावे लागते. मात्र आपण फोन वापरत असताना कॉल आला तर वरच्या बाजूला छोटी पट्टी येते आणि तिथे नुसते बोट टेकवायचे असते. हा फरक कुणी सांगत नाही, म्हणून ‘कधी उचलला जातो, कधी जात नाही’ असे वाटत राहते.

आणखी एक गोष्ट. आपली त्वचा वीजवाहक असल्यामुळे काचेला आपला स्पर्श कळतो. वाडीत, शेतात किंवा धुण्याभांड्यात राबलेल्या हातांची बोटे कोरडी व राठ होतात आणि तो स्पर्श काचेला नीट पोहोचत नाही. त्यात आपली काही चूक नाही. ओल्या फडक्याला बोट पुसावे, काच स्वच्छ ठेवावी. बोटाच्या ठशाने फोन उघडत नसेल तर ठशाचा हट्ट सोडून चार किंवा सहा अंकी पिन ठेवावा. मात्र तो पिन फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठीवर लिहून ठेवू नये.

हात बसला की सेटिंगमध्ये तीन बदल एकदाच करून घ्यावेत. अक्षर मोठे करावे. घंटीचा आवाज वाढवावा. आणि स्क्रीनच्या खाली ‘मागे’, ‘घर’ व ‘उघडलेली ॲप’ अशी तीन बटणे दिसतील असे करावे. नव्या फोनमध्ये ही बटणे लपवलेली असतात, पण ती परत आणता येतात. ‘घर’ हे बटण सापडले की निम्मी भीती जाते. कुठेही हरवलात तरी त्या बटणावर बोट टेकवले की आपण आपल्या अंगणात परत येतो.

धडा दुसरा : फोन वाजतच नाही

‘माझा फोन बिघडला आहे, कुणाचाच फोन येत नाही’ असे म्हणत येणाऱ्यांचे फोन बहुधा बिघडलेले नसतात. दुरुस्तीला नेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

१. स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढा. एक पडदा खाली येईल. त्यात विमानाचे चिन्ह उजळलेले आहे का? असेल तर त्यावर बोट टेकवून ते बंद करा. ते चालू असेपर्यंत नेहमीचे कॉल येत नाहीत आणि जातही नाहीत.

२. त्याच पडद्यात घंटीवर काट मारलेली आहे का? म्हणजे फोन मुका केलेला आहे. मिस्साला जाताना मुका केलेला फोन घरी आल्यावर बोलका करायचा राहून जातो.

३. ‘व्यत्यय आणू नका’ अशा अर्थाचे चिन्ह चालू आहे का? तेही बंद करावे.

४. रिचार्ज संपले आहे का? रिचार्ज संपल्यावर काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात.

याच पडद्यात बॅटरीचे, म्हणजे टॉर्चचे चिन्ह असते. वीज गेल्यावर, पहाटेच्या मिस्साला निघताना ते उपयोगी पडते. वापरून झाल्यावर त्याच चिन्हाला बोट लावून ते बंद करायचे असते, हेही शिकून घ्यावे.

धडा तिसरा : अडीअडचणीची हाक

हा धडा आम्ही सर्वांत महत्त्वाचा मानतो. तो आजच करावा, उद्यावर टाकू नये.

११२ हा आपल्या देशाचा आणीबाणीचा क्रमांक आहे. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांपैकी कोणतीही मदत त्यावर मागता येते. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हाही क्रमांक आहे. फोनला कुलूप असले, पिन आठवत नसला, तरीही कुलपाच्या स्क्रीनवरील ‘आणीबाणी’ या शब्दावर बोट टेकवून ११२ लावता येतो. खरोखर गरज नसताना तो लावू नये, पण तो शब्द कुठे आहे ते नक्की पाहून ठेवावे.

दुसरे, सेटिंगमध्ये ‘सुरक्षितता व आणीबाणी’ असा विभाग असतो. त्यात आपला रक्तगट, चालू असलेली औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे आणि कुणाला कळवायचे त्यांचे नंबर भरून ठेवता येतात. रस्त्यात चक्कर येऊन पडलो तर ही माहिती अनोळखी माणसालाही कुलूप न उघडता वाचता येते. आखातात असलेल्या मुलाचा नंबर अवश्य द्यावा, पण पहिला नंबर पाच मिनिटांत धावत येऊ शकणाऱ्या शेजाऱ्याचा असावा.

तिसरे, रोज लागणारी तीनचार माणसे स्क्रीनवर समोरच ठेवून घ्यावीत. मुलगी, शेजारीण, डॉक्टर, चर्चचे कार्यालय. प्रत्येकाच्या नावाबरोबर फोटो लावला की वाचावेही लागत नाही. चेहऱ्यावर बोट टेकवले की फोन लागतो.

हा धडा पूर्ण झाला की नाही याची परीक्षा सोपी आहे. रात्री खोलीत अंधार करून, चष्मा न लावता, शेजाऱ्याला फोन लावून पाहावा. अर्थात त्याला आधी सांगून ठेवावे!

धडा चौथा : व्हॉट्सॲप आणि आपली माणसे

व्हॉट्सॲपमध्ये मराठी टाइप करता येत नाही म्हणून अनेक जण गप्प बसतात. त्यांच्यासाठी दोन सोप्या वाटा आहेत. पहिली वाट आवाजाची. खालच्या कोपऱ्यात माइकचे चिन्ह असते. त्यावर बोट दाबून धरा, बोला, बोट उचला. आपला आवाज तसाच पोहोचतो. मध्येच चूक झाली तर बोट न उचलता डावीकडे सरकवा, संदेश रद्द होतो. दूरदेशी असलेल्या नातवाला ‘जेवलास का रे?’ हे आजीच्या आवाजात ऐकण्याची जी गोडी आहे, ती टाइप केलेल्या अक्षरांत नाही. दुसरी वाट बोलून लिहिण्याची. कळफलकावरही एक माइक असतो. तिथे मराठी भाषा निवडून ठेवली की आपण बोलू ते अक्षरांत उमटते. पाठवण्यापूर्वी ते एकदा वाचून पाहावे, कारण आपल्या बोलीतले शब्द त्याला नेहमीच कळतात असे नाही.

व्हिडिओ कॉल लावताना फोन कपाळाशी धरू नये, टेबलावर डब्याला टेकवून ठेवावा. उजेड आपल्या तोंडावर पडेल असे बसावे, पाठीमागे खिडकी नको.

ग्रुपविषयी थोडेसे. मयताची खबर, मिस्साच्या वेळेतील बदल, रक्तदानाची हाक यांसाठी ग्रुप आहे. रोज सकाळी फुलांची चित्रे आणि सुविचार यांचा पाऊस पडला की खरी खबर त्याखाली गाडली जाते आणि फोनही भरून जातो. संदेशावर दोन बाण आणि ‘अनेकदा पुढे पाठवलेले’ अशी खूण दिसली तर ते पुढे पाठवण्यापूर्वी थांबावे. अमुक प्रार्थना दहा जणांना पाठवा नाहीतर वाईट घडेल, असे सांगणारा संदेश श्रद्धेचा नसून भीतीचा असतो. आपला पिता अशा धमक्या देत नाही. तो संदेश निर्धास्तपणे काढून टाकावा.

धडा पाचवा : रोजच्या उपयोगाची चार साधने

कॅमेरा : औषधाच्या पाकिटावरील बारीक तारीख वाचता येत नाही? तिचा फोटो काढा आणि दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा, विजेच्या बिलाचा फोटो असाच काढून ठेवावा. कागद हरवला तरी मजकूर राहतो.

गजर : रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्यांसाठी वेळेचा गजर लावावा. त्याला नावही देता येते.

तिकीट : लोकलचे तिकीट रेल्वेच्या ॲपवर काढता येते. सुरुवातीला कुणाला तरी सोबत घेऊन एकदोन वेळा काढावे.

हयातीचा दाखला : पेन्शनरांना दर नोव्हेंबरात बँकेच्या रांगेत उभे राहावे लागत असे. सरकारने १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही योजना सुरू केली आणि २०२१पासून फोनसमोर चेहरा धरूनही हा दाखला देता येतो. ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, त्यांना हा मोठा दिलासा आहे. मात्र हे काम पहिल्यांदा घरच्या विश्वासू माणसाला शेजारी बसवूनच करावे.

धडा सहावा : परक्याचा आवाज ओळखा

योहानच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की मेंढरे आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात आणि परक्याच्या मागे जात नाहीत, उलट त्याच्यापासून पळतात. फोनच्या बाबतीत आज हाच धडा गिरवण्याची वेळ आली आहे.

फसवणाऱ्याचा आवाज कसा ओळखावा? तो एकतर भीती घालतो, नाहीतर लोभ दाखवतो, आणि नेहमी घाई करतो. ‘आज रात्री वीज तोडणार’, ‘तुमचे खाते बंद होणार’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’, ‘तुम्हाला बक्षीस लागले’. आणि वर बजावतो की हे कुणाला सांगू नका. जिथे घाई आणि गुपित एकत्र येतात, तिथे फोन ठेवून द्यावा. समोरच्याला वाईट वाटेल याची चिंता करू नये. फोन ठेवणे हे पाप नाही.

पुढील पाच नियम कागदावर लिहून फोन ठेवण्याच्या जागी चिकटवावेत.

१. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी किंवा खात्यातील शिल्लक पाहण्यासाठी लागतो. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ असे म्हणणारा चोर आहे.

२. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. बँकेचा माणूस तो फोनवर मागत नाही.

३. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार आपल्या कायद्यात नाही. पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर कुणी ‘जागचे हलू नका’ म्हणाले तरी तो पोलीस नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही हेच देशाला सांगितले होते.

४. लग्नाची पत्रिका, वाहतुकीच्या दंडाची पावती किंवा बँकेचे पत्र म्हणून आलेल्या फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर ती उघडायची नाही. ती पत्रिका नसून ॲप असते आणि ते आपले संदेश चोरू शकते. आपला पडदा दुसऱ्याला दिसेल असे कोणतेही ॲप परक्याच्या सांगण्यावरून घेऊ नये.

५. नातवाच्या आवाजात कुणी ‘मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठव’ असे रडत म्हणाले तरी फोन ठेवून त्याच्या नेहमीच्या नंबरवर आपण फोन लावावा. हल्ली यंत्राने आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. घरातल्या घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा.

शक्य असल्यास फोनला जोडलेले खाते वेगळे ठेवावे आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे असावेत. मुदत ठेवी आणि पेन्शन दुसऱ्या खात्यात राहू द्याव्यात.

एवढे करूनही फसवणूक झाली तर? तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवू, तितकी पैसे वाटेतच थोपवले जाण्याची शक्यता अधिक. आणि येथे घरच्यांना आमची कळकळीची विनंती आहे. अशा वेळी ‘तुला किती वेळा सांगितले होते’ असे म्हणू नका. बोलणी खावी लागतील या भीतीने कितीतरी ज्येष्ठ दोनदोन दिवस गप्प राहतात आणि तोवर पैसे हाताबाहेर जातात. शिकलेसवरलेले लोक, मोठे अधिकारीही फसले आहेत. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी, फसलेल्याला नव्हे.

शिकवणाऱ्या तरुणांसाठी

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायात लहान शमुवेल आणि वृद्ध एली यांची गोष्ट आहे. एलीची दृष्टी मंदावली होती. रात्री हाक ऐकू आली ती मुलाला. पण ती कुणाची हाक आहे हे ओळखले ते म्हाताऱ्या एलीने, आणि तेही तिसऱ्या खेपेस. मुलगा तीनदा झोपेतून उठवायला आला तरी एली त्याच्यावर खेकसला नाही. कान तरुणाचे आणि पारख वृद्धाची, अशी दोघांची गरज एकमेकांना होती.

आपल्या घरातही तसेच आहे. तुम्हाला फोन कळतो, त्यांना माणसे कळतात. म्हणून शिकवताना पुढील गोष्टी पाळा.

आपला हात मागे ठेवा. फोन आजोबांच्याच हातात राहू द्या आणि तोंडाने सांगा. एका वेळी एकच गोष्ट शिकवा आणि ती पाच वेळा करून घ्या. पायऱ्या त्यांच्या वहीत, त्यांच्या शब्दांत, त्यांनाच लिहू द्या. ‘आयकॉनवर क्लिक करा’ म्हणण्याऐवजी ‘हिरव्या गोलावर बोट टेकवा’ म्हणा. दुसऱ्या दिवशी विसरले तर पुन्हा दाखवा. तुम्हाला क्रुसाची खूण करायला कुणी शिकवली आणि किती वेळा हात धरून करवून घेतली, ते आठवा. आणि शिकवून झाल्यावर त्यांना न विचारता फोनची मांडणी बदलू नका. रात्रीत घरातली भांडी कुणी दुसऱ्याच फळीवर ठेवली तर आजीचे काय होईल?

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व ज्येष्ठ यांचा जागतिक दिन सुरू केला. संत ज्योकिम आणि संत अ‍ॅना यांच्या सणाच्या आसपास, जुलैच्या चौथ्या रविवारी तो साजरा होतो. त्या दिवशी पुष्पगुच्छ अवश्य द्यावा. पण वर्षभरातील बावन्न रविवारांपैकी काही रविवारी मिस्सानंतरचा अर्धा तास दिला, तर ती भेट अधिक काळ टिकेल.

फोनलाही मर्यादा असावी

शिकण्याचा आग्रह धरताना दुसरी बाजू विसरून चालणार नाही. संत कार्लो अक्युतिस संगणकात तरबेज होता. पवित्र मिस्साशी निगडित चमत्कारांची माहिती त्याने इंटरनेटवर मांडली. १२ ऑक्टोबर २००६ रोजी, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी तो वारला आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. हाच कार्लो रोज मिस्साला जात असे आणि खेळाच्या यंत्रासाठी त्याने स्वतःला वेळेची मर्यादा घालून घेतली होती. साधन आपल्या हातात असावे, आपण साधनाच्या हातात नसावे, हे त्याने जगून दाखवले.

आजारी माणसाने फोनवर मिस्सा पाहावी, त्यात समाधान मानावे. पण पाय चालत असताना घरी बसून मिस्सा ‘पाहणे’ हे चर्चला येण्याची जागा घेऊ शकत नाही. जपमाळेच्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असावा. आणि ज्यांना फोन घेणे परवडत नाही किंवा शिकणे खरोखर शक्य नाही, ती माणसेही आपल्याच धर्मग्रामाची आहेत. म्हणून फलकावरील सूचना, मिस्सानंतरची घोषणा आणि शेजाऱ्याने दारात जाऊन सांगितलेली खबर या गोष्टी चालू राहिल्याच पाहिजेत. ग्रुपवर टाकले म्हणजे सर्वांना कळले, असे कुणी समजू नये.

या आठवड्याचा गृहपाठ

सोमवार : अक्षर मोठे करा, ‘घर’ हे बटण शोधा.
मंगळवार : चार जणांचे फोटो स्क्रीनवर लावून घ्या.
बुधवार : आणीबाणीची माहिती भरा.
गुरुवार : एका आजारी किंवा एकट्या माणसाला आपल्या आवाजात संदेश पाठवा.
शुक्रवार : पाच नियम लिहून चिकटवा. घरातला खुणेचा शब्द ठरवा.
शनिवार : सर्व काही पुन्हा एकदा, कुणाच्या मदतीशिवाय करा.
रविवार : फोन मुका करून मिस्साला या. घरी गेल्यावर बोलका करायला विसरू नका.

लघु ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी

१. आपल्या वाडीत कोणाला मयताची किंवा आजारपणाची खबर वेळेवर मिळत नाही? त्यांच्यापर्यंत ती पोहोचवण्याची जबाबदारी कोण घेईल?

२. फसवणूक झालेल्या माणसाला आपण धीर देतो की दोष देतो?

३. आपल्या घरात शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण? दोघे मिळून आठवड्यातील कोणता अर्धा तास ठरवतील?

प्रार्थना

हे प्रभू, आमच्या थरथरणाऱ्या बोटांना धीर दे आणि शिकवणाऱ्यांच्या मनाला संयम दे. तुझा आवाज ओळखण्याची आणि परक्याचा आवाज टाळण्याची बुद्धी आम्हाला दे. या साधनामुळे दूरची माणसे आम्हाला जवळ आली, तशी शेजारची माणसे दूर जाऊ देऊ नकोस. आमेन.